सासूबाईंची पंचाहत्तरी : केटररला किती पानं सांगू?

गोदाकाठची (सोमवार, रात्री १०.२०)

नमस्कार मंडळी. येत्या मार्गशीर्षात माझ्या सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण होतायत. रविवारी दुपारचा कार्यक्रम ठेवलाय, इथे नाशिकलाच, घरापासून दहा मिनिटांवरच्या छोट्या कार्यालयात. औक्षण, ७५ दिव्यांनी ओवाळणं, नातवंडांची दोन गाणी आणि जेवण. बाकी सगळं ठरलंय. अडलंय ते पानांच्या आकड्यावर. केटरर म्हणतात, गुरुवार संध्याकाळपर्यंत आकडा सांगा. सांगाल त्याच्या खाली एकही पान कमी धरणार नाही, वर गेलं तर ताटामागे पैसे, आणि दहा पानांपर्यंत वाढलं तर सांभाळून घेऊ. पान ३६० रुपयांचं आहे.

आमंत्रणं १२८ माणसांना गेलीत. नाशिकमधले ७०, सिन्नर-संगमनेरकडचे २२, तपोवन एक्स्प्रेसने येणारे डोंबिवली-कल्याणचे २०, आणि सोसायटीतले १६. यजमान म्हणतात १३० सांगून मोकळी हो. धाकटे दीर म्हणतात १०० पुष्कळ झाले. सासूबाई म्हणतात, "कमी पडलं तर पिठलं टाकू, पण काही फेकू नका."

मी एवढी का अडलेय ते सांगते. सहा वर्षांपूर्वी मुलाच्या मुंजीत १४० पानं सांगितली होती. दीड वाजता मसालेभात संपला, दोनला जिलबी. शेवटी जेवायला उरलो होतो कोण? मी, दोन्ही जावा, नणंद, माझी आई आणि पहाटेपासून राबणाऱ्या दोन मावश्या. आम्ही वरण-भात आणि पापड जेवलो. माझी आई आदल्या दिवशी एसटीने येऊन रात्रभर रुखवताच्या वाट्या पुसत बसली होती. "मला वरणभातच आवडतो गं," असं म्हणून तिने तो खाल्ला. ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यानंतर वर्षभराने पुतणीचं बारसं झालं. त्या भीतीने आम्ही भरपूर सांगितलं आणि दोन पातेली मसालेभात उरला. घरी आणला, रात्री झाकून ठेवला, सकाळी झाकण काढलं तर आंबलेला. सोसायटीच्या मागच्या बाजूला खड्डा करून पुरला. सासूबाई तिथे हात जोडून उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी संध्याकाळपर्यंत तोंडात काही घातलं नाही.

म्हणून या वेळी मला दोन्ही नको आहे. कमी नको आणि फेकणं तर नकोच.

बेत असा आहे: मसालेभात, साधं वरण-भात, पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, भरली वांगी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, कोथिंबीर वडी, पापड, मठ्ठा, जिलबी. बुफे आहे, पण पंधरा-वीस ज्येष्ठांना टेबलावर वाढायचं. डोंबिवलीकर सकाळी दहाच्या सुमारास पोचतील, त्यांच्यासाठी उपमा आणि चहा. जेवण साडेबाराला सुरू.

तुम्ही तुमच्याकडे हा अंदाज कसा काढता?

---

पंक्तीवाला (सोमवार, रात्री ११.०५)

ताई, आमचं घराणं आचाऱ्याचं. आजोबा सांगली-मिरजेकडे लग्नाच्या पंगती करायचे, मी आता दोन माणसं हाताशी धरून लहान कार्यं करतो. त्यामुळे समोरच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

तुम्ही पानांच्या आकड्यावर अडलात, पण १०० पानं म्हणजे किती किलो हे प्रत्येक केटररचं वेगळं असतं. तुमच्या मुंजीत पानं कमी सांगितली होती असं मला वाटत नाही. पानाला तांदूळ कमी धरला असणार. म्हणून केटररला विचारा, "शंभर पानांना मसालेभाताला कोरडा तांदूळ किती घालता?" माणूस जाणता असेल तर पटकन सांगेल. तुमच्या बेताला, दुपारी, बुफेला माझा हिशेब असा आहे.

मसालेभाताला ७ किलो तांदूळ. साध्या भाताला ३ किलो, तूरडाळ पावणेतीन. बुफेला साधा भात कमी उठतो. पंगतीत तो पहिला वाढतात म्हणून तिथे जास्त लागतो, आणि लोक पंगतीचाच हिशेब बुफेला लावून फसतात. पुऱ्यांना साडेनऊ-दहा किलो कणीक. किलोला मध्यम आकाराच्या पन्नास-पंचावन्न होतात, म्हणजे माणशी पाच. बटाटे ९ किलो, मटकी कोरडी ३ किलो (मोड आल्यावर दुपटीच्या वर जाते), काकडी ६ किलो. कोथिंबीर वड्या अडीचशे. त्या मात्र पहिल्या अर्ध्या तासात संपतील, कारण लोक चार-चार घेतात. शेवटच्या माणसांसाठी पन्नास आतच ठेवायला सांगा. जिलबी ९ किलो. मठ्ठा एरवी १५ लिटर धरतो, थंडीचे दिवस आहेत म्हणून १२ पुरेल.

आता मुद्द्याचं. मसालेभात एकदम टाकू देऊ नका. पाच किलोचा पहिला, आणि दोन किलो तांदूळ, चिरलेली तोंडली, मसाला असं सगळं मोजून तयार पण कोरडं ठेवायचं. साडेबारा-पाऊणला हॉलमधली डोकी मोजा आणि मग दुसरं पातेलं चढवायचं की नाही ते ठरवा. अर्ध्या-पाऊण तासात होतो. न शिजवलेला तांदूळ परत पोत्यात जातो, शिजवलेला जात नाही. पुऱ्यांचंही तसंच. कणीक मळून ठेवायची ती दोन हप्त्यांत, आणि घाणे लहान काढायचे. गार पुऱ्यांचा ढीग पडला की लोक दोन घेऊन एक टाकतात.

आणखी एक, टेबलाची मांडणी. मसालेभात रांगेत पहिला ठेवलात तर ताट तिथेच भरतं. आधी कोशिंबीर, मग भाज्या, पुऱ्या, आणि मग भात. भातावर वाढायला माणूस उभा करा आणि त्याच्या हातात मोठा डाव देऊ नका. मध्यम डावाने दोनदा वाढलं तरी मोठ्या डावाच्या एका वाढपापेक्षा कमी जातं, आणि पाहुण्याला आग्रह झाल्यासारखं वाटतं.

ताटं मांडायच्या आधी मोजून घ्या, संपल्यावर उरलेली मोजा. हे काम घरातल्याच एका मुलाला द्या. हिशेबाच्या वेळी वाद होत नाही.

---

वहीतली_नोंद (मंगळवार, सकाळी ७.५०)

मी डोंबिवलीची, म्हणजे तुमच्या तपोवनच्या पाहुण्यांसारखीच. माझ्याकडे पंधरा वर्षांची एक वही आहे, घरातल्या प्रत्येक कार्याची. बोलावले किती, आले किती, काय उरलं. त्यावरून सांगते.

फोनवर "येणार ना?" असं विचारू नका. आपल्याकडे त्या प्रश्नाला "हो, येणारच" याशिवाय उत्तर नसतं. न येणारा माणूसही हो म्हणतो, कारण नाही म्हणणं त्याला जड जातं. त्यापेक्षा विचारा: "तुम्ही कोण कोण निघताय? किती वाजेपर्यंत पोचाल? पुढे कुठे जायचंय का?" तिसऱ्या प्रश्नाला सगळं बाहेर पडतं. "अगं, पुतण्याच्या साखरपुड्याला जायचंय, तिथेच जेवण आहे, तुझ्याकडे ओवाळायला येऊन जाऊ." झालं, दोन पानं कमी.

आणि तुळशीचं लग्न होऊन गेलंय. रविवार आहे. कॅलेंडर उघडून लग्नाचा मुहूर्त आहे का ते आजच बघा. असेल तर नाशिकमधल्या सत्तरांपैकी बरेच जण दोन ठिकाणी विभागतील. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे.

वहीत मी प्रत्येक नावापुढे खूण करते. पूर्ण पान, अर्धं पान (पाच ते दहा वर्षांची मुलं), शून्य (त्याहून लहान, आईच्या ताटात जेवणारी), आणि प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हांची निम्मी धरते. आता सगळ्यात महत्त्वाचं: यादीत नसलेली माणसं. गाड्यांचे चालक, फोटो काढणारा, कार्यालयाचा वॉचमन आणि त्याचं कुटुंब, तुमच्या त्या दोन मावश्या. ही पानं प्रत्येक कार्यात लागतात आणि कुणीच मोजत नाही. तुमच्या मुंजीत शेवटी सात जणी उरलात, त्याचं एक कारण हे असणार.

वांग्यांबद्दलही एक विचारते. रविवार चंपाषष्ठीच्या आधीचा आहे की नंतरचा? आमच्याकडे कुलदैवत खंडोबा, चातुर्मासात सोडलेलं वांगं आम्ही चंपाषष्ठीला भरीत-रोडगा करूनच खातो, त्याआधी नाही. सिन्नर-संगमनेरकडच्या तुमच्या पाहुण्यांत अशी घरं निघतील. रविवार आधीचा असेल तर भरली वांगी पातेलंभर उरतील, आणि म्हाताऱ्या माणसांना एक भाजी कमी होईल. शिवाय कांदा-लसूण न खाणारे किती आहेत, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

---

मीठभाकर (मंगळवार, सकाळी ९.१५)

मी वेगळं सांगतो. १३० सांगा. तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. माझ्या बहिणीच्या लग्नात व्याह्यांकडची दहा माणसं जिलबीशिवाय उठली, ती गोष्ट माझ्या वडिलांनी मरेपर्यंत मनाला लावून घेतली. पंचवीस पानं जास्त म्हणजे नऊ हजार रुपये. घरातल्या मोठ्या माणसाच्या पंचाहत्तरीपुढे ते काही नाहीत. उरलेलं देता येतं, उठून गेलेला पाहुणा परत बोलावता येत नाही.

---

गोदाकाठची (मंगळवार, दुपारी १.३०)

मीठभाकर दादा, तुमच्या वडिलांचं दुःख मला कळतं, कारण मी तेच माझ्या आईच्या ताटात पाहिलंय. पैशाचं म्हणाल तर नऊ हजार आम्ही देऊही. पण खड्ड्याशी हात जोडून उभ्या असलेल्या सासूबाईही मी पाहिल्यात, आणि कार्य त्यांचं आहे. त्यांच्या वाढदिवसाला त्यांच्यावर तशी वेळ आणायची नाही.

वहीवाल्या ताई, मी कॅलेंडर बघितलं. रविवार चंपाषष्ठीच्या आधीचा आहे! इतक्या वर्षांत माझ्या माहेरी हे पाळत नाहीत म्हणून डोक्यातच आलं नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला वाटलं तुला माहीत असेल. मी नसतीच खाल्ली." उत्सवमूर्तीच जेवली नसती ती भाजी! वांगी रद्द, फ्लॉवर-मटारची रस्साभाजी ठरवली. त्या दिवशी लग्नाचा मुहूर्तही आहे. आज रात्रीपासून फोन सुरू करते.

---

नगरकर_काका (मंगळवार, रात्री ८.४०)

सूनबाई, मी पारनेर तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आई-वडील खडी फोडायच्या कामावर जायचे, आम्हाला शाळेत सुकडी मिळायची आणि घरी रेशनच्या मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, भाकरी. ती लालसर भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण पीठ सांडलं तर आई ते पदराने गोळा करायची. तुझ्या सासूबाई तेव्हा विशीच्या घरात असतील. त्या हात जोडून का उभ्या राहिल्या, ते मला सांगावं लागत नाही.

उरलेल्याचं आधी ठरवलंस तर आकड्याची भीती निम्मी होते. मी एवढंच सांगतो.

भात उरला तर पातेल्यात झाकून ठेवू नये. तुमचा तिथेच घात झाला. मोठ्या पातेल्यातला भात मधून तासन् तास गरम राहतो, झाकणाला घाम सुटतो आणि तो आंबतो. परातीत, ताटात पातळ पसरावा, वाफ जाऊ द्यावी आणि तासाभरात वाटून टाकावा किंवा फ्रिजमध्ये घालावा. वरून ओलं खोबरं पेरलं असेल तर तो आणखी लवकर जातो. म्हणून खोबरं-कोथिंबीर वाढताना घालायला सांग, पातेल्यात नको. पुऱ्या आणि जिलबी दुसऱ्या दिवसापर्यंत राहते. कोशिंबिरीला दही लावायचं ते थोडं थोडं. न लावलेली काकडी घरी नेता येते.

तुझे डोंबिवलीचे वीस पाहुणे संध्याकाळच्या गाडीने परत जाणार ना? त्यांना रात्रीची शिदोरी दे. पुऱ्या, बटाट्याची भाजी, जिलबी. पूर्वी पाहुण्याला रिकाम्या हाताने कधी पाठवत नव्हते. घरून निघताना डबे आणायला सांग किंवा तू कागदी खोकी पंचवीस आणून ठेव. एवढ्यात तुझी दहा-बारा पानं उरली तरी मार्गी लागतात.

बाहेर द्यायचं असेल तर आधी दोन दिवस बोलून ठेवावं. रॉबिन हूड आर्मीचे स्वयंसेवक बऱ्याच शहरांत हे काम करतात, तुमच्याकडे त्यांची तुकडी आहे का बघ. नाहीतर जवळचं वसतिगृह किंवा आश्रम गाठ. पण चार वाजता फोन करून "अन्न उरलंय, घेऊन जा" म्हटलं की त्यांची पंचाईत होते. त्यांचा स्वयंपाक तोवर झालेला असतो. आणि एक निरोप मोबाईलवर फिरत असतो, की १०९८ ला फोन केला की उरलेलं अन्न घ्यायला येतात. ते खोटं आहे. तो क्रमांक संकटातल्या मुलांसाठी आहे. तिथे जेवणाचा फोन लावून ती ओळ अडवू नये.

---

पंक्तीवाला (मंगळवार, रात्री ९.३०)

काकांनी खोबऱ्याचं सांगितलं ते अगदी बरोबर. आम्हीही पातेल्यात घालत नाही.

एक राहिलं. सकाळी उपमा देताय तो दहाला ठीक, पण साडेअकरापर्यंत टेबलावर ठेवू नका. ठेवलात की उशिरा आलेले सगळे त्यावर हात मारतात आणि साडेबाराचं जेवण उरतं. उलट साडेबाराचं जेवण भाषणांमुळे दीडला गेलं तर लोक भुकेने दुप्पट ताट भरतात आणि निम्मं टाकतात. वेळ पाळणं हाही अंदाजाचाच भाग आहे.

---

गोदाकाठची (गुरुवार, सायंकाळी ५.१०)

दोन रात्री फोन केले. तिसरा प्रश्न विचारल्यावर खरोखरच सगळं बाहेर पडलं. वही समोर ठेवून लिहितेय.

१२८ पैकी नक्की पूर्ण पानं ८६. पाच ते दहा वर्षांची मुलं १०. त्याहून लहान ४. प्रश्नचिन्ह ११. येणार नाहीत १७, त्यातल्या बाराजणांना लग्नं आहेत. यादीबाहेरची ९: दोन चालक, फोटोवाला, वॉचमन दादा, त्यांची बायको आणि दोन मुलं, आमच्या दोन मावश्या. म्हणजे ८६, मुलांची ५, प्रश्नचिन्हांची ५ आणि ही ९, एकूण १०५.

केटररना १०५ सांगितले. तांदूळ विचारला तर ते दोन सेकंद गप्प झाले, मग म्हणाले, "शंभराला साडेपाच किलो." मी सात म्हटलं. ते म्हणाले पानामागे दहा रुपये वाढतील. वाढू देत म्हटलं. साधा भात कमी करायला सांगितला आणि मसालेभात दोन हप्त्यांत करायचंही कबूल करून घेतलं. सुरुवातीला तयार नव्हते, "दोनदा चूल अडते" म्हणाले. शेवटी हो म्हणाले.

आणि एक गोष्ट मी स्वतःच ठरवली. घरातल्या बायकांची आणि मावश्यांची सात ताटं बुफे उघडायच्या आधी काढून झाकून ठेवायची. जिलबी आणि वडीसकट.

---

वहीतली_नोंद (गुरुवार, रात्री ८.००)

ती सात ताटं मी इतक्या वर्षांत माझ्या वहीत कधी लिहिली नाहीत. आता लिहिते. रविवारी झालं की आकडे नक्की कळवा.

---

गोदाकाठची (मंगळवार, रात्री ९.४५)

कार्य झालं. उशीर झाला लिहायला, काल दिवसभर नुसती झोपले.

पाऊणला भाच्याने डोकी मोजली तर ९१. दुसरं पातेलं चढवू की नको, असा विचार चालू होता, तेवढ्यात सिन्नरची मंडळी आली. अठरा येणार होते, तेवीस आले! सासूबाई ज्या वाड्यात पंचवीस वर्षं राहिल्या, तिथल्या पाच म्हाताऱ्या शेजारणी "आम्हाला पण चल घेऊन" म्हणून गाडीत बसल्या होत्या. सासूबाई त्यांना बघून खुर्चीतून उठून दारापर्यंत चालत गेल्या. गेल्या दोन महिन्यांत त्या काठीशिवाय एवढं चाललेल्या नव्हत्या. मी तिथूनच केटररच्या माणसाला खूण केली, तांदूळ टाका. लोक ओवाळत, गप्पा मारत होते तोवर भात तयार झाला.

ताटं मांडली होती १३०, उरली २१. म्हणजे १०९. पहिल्या दहामध्ये बसलं, त्यामुळे केटररांनी कुरकुर न करता सांभाळून घेतलं, आणि मी त्या चार ताटांचे पैसे तरीही दिले.

मसालेभात शेवटी दोन ताटं भरेल एवढा उरला, तो पसरून गार केला आणि वॉचमन दादांनी घरी नेला. पुऱ्यांची कणीक साधारण किलोभर उरली, तिच्या संध्याकाळी शिदोरीसाठी पुऱ्या तळून घेतल्या. जिलबी दोन किलो, ती सगळी शिदोरीत गेली. एकोणीस खोकी भरली. डोंबिवलीच्या एका आत्यांनी गाडीतून फोटो पाठवला, सगळे बर्थवर मांडी घालून पुऱ्या खातायत. उसळ मात्र अर्धं पातेलं उरली. दोन भाज्या असताना उसळ कमी धरायला हवी होती, १०० पानांना २ किलो मटकी पुरे. ती वसतिगृहात आधी बोलून ठेवलं होतं तिथे चारच्या आत पोचवली.

यजमान आणि दीर दोघांनी शेवटच्या पंक्तीला वाढलं. टेबलं जोडून घेतली. आम्ही सात जणी, आणि सासूबाई. त्यांना पहिल्यांदा ज्येष्ठांबरोबर बसवलं होतं, तर त्या दोन घास खाऊन उठल्या होत्या. "माझ्या सुना बसल्या की बसेन." त्या माझ्या आईच्या शेजारी बसल्या. आईच्या ताटावरचं झाकण मीच काढलं. मसालेभात होता, वर नुकतं पेरलेलं खोबरं होतं, दोन वड्या, जिलबी. आई काही बोलली नाही. तिने भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

पंक्तीवाला दादा, मठ्ठा मात्र सव्वादोनला संपला. थंडी असली तरी गावाकडची माणसं जेवणानंतर तीन-तीन वाट्या पितात. पुढच्या वेळी १५ च धरा.

---

पंक्तीवाला (मंगळवार, रात्री १०.१०)

धरतो ताई. १५ लिहून घेतले. आणि शंभराला दोन किलो मटकी, तेही.